डस्टचा दुसरा अर्थ

हौसामावशी गेल्याचं मला कळलं ते दुसऱ्याच कामासाठी आलेल्या फोनवर. शाळेच्या माजी विद्यार्थिनींचा मेळावा घ्यायचा होता आणि मला कोणता रविवार सोयीचा आहे हे विचारायला तिथल्या नव्या शिक्षिकेने फोन केला होता. सगळं ठरल्यावर ती सहज म्हणाली, "आणि बाई, त्या हौसामावशी वारल्या. तुम्हाला कळलंच असेल म्हणा..." मला कळलं नव्हतं. आठवडा होऊन गेला होता. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग दिवसभर मला त्या "बरं"चाच राग येत राहिला. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पोरींना शब्द नेमका वापरा म्हणून सांगितलं, आणि जिने मला एका शब्दाचा अर्थ खऱ्या अर्थाने शिकवला ती गेली तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं, तर "बरं".

या गोष्टीला आता दीड महिना झाला.

तासगावच्या पलीकडे, चारी बाजूंनी द्राक्षबागा असलेल्या एका गावातल्या शाळेत मी सव्वीस वर्षं होते. सांगलीहून रोज सकाळची एसटी. हौसामावशी त्या शाळेत झाडलोट करायच्या. मूळच्या माण तालुक्यातल्या, दहिवडीच्या पुढच्या कुठल्याशा वस्तीवरच्या. पाऊस दगा देतो म्हणून नवरा-बायको इकडे बागायतीत कामाला आले आणि इकडचेच झाले. नवरा लवकर गेला. 'औषध बाधून गेला' एवढंच आम्हा शिक्षकांना ठाऊक होतं, आणि त्याहून जास्त विचारावं असं कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. बाई उंच, काटक, पायात कायम टायरच्या वहाणा. वर्ग झाडण्याआधी हाताने पाणी शिंपडायच्या आणि पदर नाकातोंडावरून असा घट्ट आवळून घ्यायच्या की नुसते डोळे दिसायचे. मी एकदा म्हणाले होते, "मावशी, वर्ग झाडायला निघालात की दरोडा घालायला?" शिक्षकखोलीत हशा पिकला होता. त्या पदराआडूनच म्हणाल्या होत्या, "आसू द्या बाई. धुरळा वंगाळ आसतुया."

आमची खरी ओळख झाली ती एका फळ्यावरून. आठवीला मी आज्ञार्थी वाक्यं शिकवत होते. खिडकी उघड, जमीन झाड, टेबल पूस, अशी घरातली सोपी वाक्यं. त्यातली क्रियापदं मी मोठ्या लिपीत लिहून त्यांना चौकट करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात गेले तर फळा लख्ख पुसलेला, पण मधोमध एकच शब्द तसाच ठेवलेला. डस्ट. त्याच्या चौकटीच्या कडेकडेने फडकं फिरवलेलं दिसत होतं. मला वाटलं कुणा पोरीचा चावटपणा असेल. एवढ्यात दारातून आवाज आला.

"बाई, त्यो मी ऱ्हावू दिलाय."

"का हो मावशी?"

त्या आत आल्या, फळ्यापासून हातभर लांब उभ्या राहिल्या आणि बोट न लावता एकेक अक्षर दाखवत म्हणाल्या, "ह्यो पोट सुटलेला. ही वाटी. ह्यो नागोबा. आन् ह्यो खांबावर आडवी फळी. ही चार अक्षरं माझ्या वळखीची हायती. पर त्येंचं नाव काय त्ये कुणी सांगितलं न्हाई."

मी शिक्षिकेच्या थाटात सांगितलं, "डस्ट. डस्ट म्हणजे धूळ. आणि क्रियापद म्हणून वापरलं तर धूळ पुसणे, झटकणे. हे तुमचं फडकं आहे ना, त्याला डस्टर म्हणतात."

"धूळ?" त्या म्हणाल्या. "नुसती धूळच व्हय?"

"हो, नुसती धूळ."

त्यांनी मान हलवली, फडकं उचललं आणि शब्द पुसून टाकला. अक्षरं कुठे पाहिलीत, असं मी विचारलं नाही. घंटा झाली होती, हजेरी घ्यायची होती... कारणं काय, पुष्कळ असतात.

त्याच वर्षी हिवाळ्यात तालुक्याच्या खो-खोच्या स्पर्धा आमच्या मैदानावर भरल्या. दोन दिवस आधीपासून धांदल. आदल्या दिवशी दुपारी लक्षात आलं की मैदानावर रेषा आखायची पांढरी फक्की पुरणार नाही. शाळेच्या समितीवर एक बागायतदार होते, मोकळ्या मनाचे, शाळेला काही कमी पडलं की पहिले धावणारे. त्यांना निरोप गेला आणि तासाभरात त्यांच्या ट्रॅक्टरवरून दोन पोती येऊन पडली. बेदाण्याच्या शेडमध्ये पडून असलेली जुनी पोती, वरची छपाई निम्मीअर्धी उडालेली. मुली अनवाणी पायांनी मैदानावर येऊन थांबल्या होत्या. हेडसर म्हणाले, "चला, फोडा पोती, उन्हं कलायच्या आत रेषा झाल्या पाहिजेत." आणि हौसामावशी पोत्यावर जाऊन बसल्या.

आधी कुणाला काही समजेनाच. दमल्या असतील म्हणून बसल्या, असं वाटलं. हेडसर म्हणाले, "मावशी, उठा. पोतं फोडायचंय."

"न्हाई फोडायचं."

"म्हणजे?"

"ह्यात फक्की न्हाई. ह्येच्यावर त्यो शबुद हाय."

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जवळ जाऊन वाकून पाहिलं. उडालेल्या छपाईत बाकी काहीच लागत नव्हतं, फक्त ठळक चार अक्षरं उरली होती. डी, यू, एस, टी. आणि मी, इंग्रजीची पदवीधर शिक्षिका, सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "अहो मावशी, डस्ट म्हणजे धूळ, भुकटी. मीच नाही का तुम्हाला सांगितलं? फक्की म्हणजे भुकटीच की."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेली नाही. रागाची असती तर विसरले असते. शेजारच्या माणसाने भर चावडीवर खोटी साक्ष द्यावी आणि आपण त्याच्याकडे पाहावं, तशी ती नजर होती.

"तुमी सांगितलं त्ये खरं आसंल बाई," त्या म्हणाल्या. "पर माझ्या मालकाला ह्याच धुळीनं न्हेलंय. वास घ्या की."

वास येत होता, उग्र आणि तिखट. पण द्राक्षाच्या मुलखात शेडमधून आलेल्या कशालाही कसला ना कसला वास येतोच. गंधक म्हणा, बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायचं डिपिंगचं तेल म्हणा. आम्ही त्या वासात राहणारी माणसं, आमचं नाक मेलेलं. हेडसरांचा पारा चढला. पाहुण्या शाळांचे शिक्षक बघत होते. "तमाशा करू नका. उद्यापासून कामावर यायचं आहे ना?" असं ते बोलून गेले. हेडसर वाईट माणूस नव्हते, पण त्या वेळी बोलले. मावशींनी दोन्ही हात पोत्याच्या शिवणीवर ठेवले आणि म्हणाल्या, "आवं, कामावरनं काडा. पर आधी ज्येंचं पोतं हाय त्येंना बलवा. त्येंनी समूर इवून सांगू द्या ह्ये काय हाय. मग मीच फोडती."

मी मध्ये पडले नाही. पुन्हा सांगते, मी तिथे उभी होते आणि मध्ये पडले नाही.

शेवटी त्या बागायतदारांना बोलावणं गेलं. ते मोटारसायकलवरून उतरले, हसत हसत जवळ आले आणि पोत्याकडे पाहिल्याबरोबर त्यांचं हसू मावळलं. "ही कुणी आणली? अवो, ही तुरीवर धुरळायची भुकटी हाय! अळीची! गड्याला फक्कीची पोती दाव म्हणालो हुतो, त्यानं ही टाकली..." मैदानाच्या कडेला मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. उद्यापासून दोन दिवस त्यांना त्या रेषांवर अनवाणी धावायचं होतं, पाटीवर उकिडवं बसून जमिनीला हात टेकायचे होते, खांबाला झेप घालून तोंडावर पडायचं होतं. हौसामावशी उठल्या आणि लुगडं झटकायच्या आधी वाऱ्याची दिशा पाहून मुलींपासून लांब चालत गेल्या.

फक्की तासगावहून आली, स्पर्धा थाटात झाल्या. बक्षीस समारंभात मदतीबद्दल त्या बागायतदारांना शाल आणि श्रीफळ दिलं, कारण ते आधीच ठरलं होतं. हौसामावशींचं नाव कुणी घेतलं नाही. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले. शाळेच्या मागे एक खोली होती, तिथे त्या राहायच्या. दारातच म्हणाले, "मावशी, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "बसा. च्या ठिवती." चहा उकळला. मग स्टोव्ह बारीक करून सांगायला लागल्या, माझ्याकडे न बघता. नवरा एका शेतात तुरीवर ती भुकटी धुरळत होता. पातळ फडक्यात भुकटी बांधायची आणि झाडावर हिसडे देत जायचं, ही तिथली रीत. वारा फिरला. दुपारी घाम फुटला, तोंडाला फेस आला. बैलगाडीतून दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर विचारू लागले, औषध कोणतं? नाव काय? पिशवी आणलीय का? ही धावत शेतात परत आली. पिशवी सापडली, पण दहिवराने आणि हातांनी वरचा कागद फाटलेला. एक तुकडा चिकटून राहिला होता, तो नखाने सोडवून घेऊन गेली. डॉक्टरांनी तो वाचला आणि म्हणाले, "बाई, हे औषधाचं नाव नव्हे."

"एवडंच म्हणालं बगा. नाव न्हाई म्हणालं, मग काय हाय त्ये न्हाई सांगितलं. त्येंनी त्येंच्या परीनं सगळं केलं, त्येंचा दोस न्हाई. तिसऱ्या दिशी मालक ग्येलं. त्यो तुकडा लय दिस माझ्या बटव्यात हुता. मग त्योबी भुगा झाला. पर अक्षरं ध्येनात ऱ्हायली." चहा गाळता गाळता त्या थांबल्या. "तुमी धूळ म्हणाला तवा मला वाटलं, धुळीनं कुठं मानूस मरतंय? मंजी मीच खुळी. आन् परवा त्ये पोतं बघितलं..."

मी चहा प्यायले की नाही, आठवत नाही.

त्या रविवारी मी सांगलीच्या ग्रंथालयात गेले आणि सगळ्यात जाडा इंग्रजी शब्दकोश मागवला. तोपर्यंत इतका साधा शब्द कोशात बघायची मला कधी गरजच वाटली नव्हती. बघते तर डस्ट या क्रियापदाला दोन अर्थ, आणि एकमेकांच्या अगदी उलटे. एक, धूळ काढून टाकणे. दुसरा, धूळ किंवा भुकटी वरून पसरणे. पिकावर औषध धुरळणे, नानकटाईवर पिठीसाखर भुरभुरवणे, सगळं त्याच शब्दात. आपल्याकडे शेतकी खात्याच्या कागदावर 'धुरळणी' असा स्वच्छ शब्द असतो, तोच हा. शेकडो वर्षं हे दोन अर्थ एका शब्दात शेजारी शेजारी नांदत होते आणि मी दर वर्षी त्यातला एकच शिकवत होते. खाली व्युत्पत्ती होती. युरोपातल्या जुन्या भाषांत या शब्दाचे नातेवाईक वाफ, धुकं, हवेत उठणारा लोट अशा अर्थांचे. आणखी मागे गेलं की, काही अभ्यासकांच्या मते, आपला धूम, म्हणजे धूर, त्याच मुळातून आलेला. ध्वंस या शब्दाचंही नातं तिथेच लावलेलं. चुरा होऊन कोसळणे, हा त्याचा जुना अर्थ. ध्वंस हा शब्द मी वहीत लिहून घेतला आणि पुढचं काही लिहवेना.

सोमवारी मावशींना सगळं सांगितलं. ध्वंस सोडून. मला वाटलं त्यांना उलटसुलट अर्थांचं नवल वाटेल. त्यांना अजिबात वाटलं नाही.

"त्यात काय बाई? राख टाकल्याबिगर भांडं निगतं व्हय? माती लावल्याबिगर भुई सारवती व्हय? देवरुशी मानूस झाडतू तवा अंगाराच टाकतू की. टाकणं आन् काडणं, एकाच हातानं हुतंय."

"आणि धूर, धुरळा ही सगळी त्या डस्टची लांबची नातलग आहेत म्हणे."

तेव्हा मात्र त्या हसल्या. पदर नव्हता तोंडावर, म्हणून मला त्यांचे दात पहिल्यांदा दिसले. "आस्सं! भावकी हाय व्हय? तरीच घात केला."

मग त्या म्हणाल्या, "बाई, आता बाकीची अक्षरं बी सांगा. चारच येत्यात, त्ये बरं न्हाई."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर माझी एसटी येईपर्यंत. आधी मराठी पक्की केली, मग इंग्रजी लिपी. वही घेणं त्यांना आवडायचं नाही. वर्ग झाडून झाला की सुपलीतला खडूचा चुरा फरशीवर पसरायच्या आणि बोटाने अक्षर काढायच्या. माणात त्यांच्या लहानपणी शाळा तीन कोसांवर होती, भाऊ जायचे, ही मेंढरांमागे. "पाऊस पडायच्या आगुदर कोरड्या रानात पेरायचं, त्येला धूळपेर म्हणत्यात. उगवलं तर उगवलं," त्या म्हणायच्या. "माझी बी तसलीच पेरणी हाय, बाई. फकस्त वकुत ग्येल्यावरची." दोन वर्षांत त्या वाचायला लागल्या. कथा-कविता वाचायच्या नाहीत. पाट्या वाचायच्या, डबे वाचायच्या, एसटीच्या तिकिटामागचं वाचायच्या. बारीक अक्षर दिसलं की माझ्याकडे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "ह्ये मुद्दाम बारीक का केलंय?"

हेडसरही एकदा त्यांच्या खोलीवर चहाला गेले होते, हे मला फार उशिरा समजलं. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. पण त्यानंतर त्यांनी मावशींवर कधी आवाज चढवला नाही, आणि शाळेत काहीही पोतं आलं की म्हणत, "आधी मावशींना दाखवा."

निवृत्तीनंतर त्या गावाबाहेरच्या वस्तीवर पुतण्याकडे राहायला गेल्या. मीही निवृत्त झाले. आमची शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतर तासगावच्या एसटी स्टँडवर झाली. खूप वाकल्या होत्या. मी म्हणाले, "मावशी, दम लागतोय तुम्हाला, सांगलीला या, डॉक्टरांना दाखवू." त्या म्हणाल्या, "सवड न्हाई गावंना. द्राक्षाचा शिजन हाय." मला हसू आलं. ऐंशीच्या घरातल्या बाईला द्राक्षाच्या हंगामात कसलं आलंय काम? गाडी लागली, मी निघाले. विचारायचं राहिलंच...

ते मला गेल्या पंधरवड्यात कळलं. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम वस्तीवर गेले. पुतण्याची बायको, शोभा, मला परसदारी घेऊन गेली. तिथे औषधं ठेवायची एक पत्र्याची खोली. आत जाऊन बघते तर फळीवरच्या प्रत्येक डब्यावर, प्रत्येक पिशवीवर तांबड्या तैलरंगात मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं. काय आहे, कशावर मारायचं, तोंड बांधा, पोरं लांब ठेवा. आणि तळाला मूळ इंग्रजी नाव, एकेक अक्षर सुटं सुटं काढलेलं. "दवाखान्यात नाव इचारत्यात म्हणून," शोभा म्हणाली. "आमचंच न्हाई बाई, सगळी वस्ती यायची. नवीन औषध आणलं की आदी आत्तीकडं. आत्ती चष्मा लावून वाचायच्या, लिवायच्या, मगच मानूस रानात जायचं. शिजनला रांग लागायची."

आम्ही बोलत असतानाच एक बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. कडेवर लेकरू, हातात औषधाचा नवाकोरा डबा. मला बघून घुटमळली. मग शोभाला म्हणाली, "सवयीनं आले गं. घरातनं निगताना ध्येनातच आलं न्हाई, त्या न्हाईत म्हणून." आणि वळून जायला लागली.

"थांबा," मी म्हणाले.

शोभाने खिडकीतला रंगाचा डबा आणि कुंचला आणून दिला. वरची साय सुकली होती, ती काठीने फोडली. मी ओसरीवर बसून डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा पुढेमागे करत दोनदा वाचलं. एक शब्द अडला, तो मोबाईलवर शोधला. मग कुंचला बुडवून लिहायला घेतलं. विष. ती बाई लेकराला दुसऱ्या कडेवर घेत वाकून बघत होती.

"बाई," ती जरा संकोचत म्हणाली, "त्यांचं अक्षर ह्याच्याहून मोठं आसायचं. लांबनं दिसलं पायजे."

मी चिंधीने ओला रंग पुसला आणि मोठं लिहायला सुरुवात केली.